देशावर घर बांधताना ऊन, वारा आणि पाणी यांचा हिशेब नकाशातच कसा मांडावा

घर बांधायला काढलेले कुटुंब पहिल्या बैठकीला येते तेव्हा ‘आम्हाला ग्रीन घर हवे आहे’ या वाक्यामागोमाग सौर पॅनेल, गच्चीवरची बाग, पाच तारांकित एसी अशी यादी येते. या यादीतल्या बहुतेक गोष्टी घर बांधून झाल्यावरही विकत आणता येतात. घर एप्रिलमध्ये तापणार की नाही, हे मात्र प्लॉटवर फक्की मारून पायाच्या रेषा आखल्या जातात त्या दिवशीच ठरून गेलेले असते, आणि तो निर्णय नंतर कोणत्याही यंत्राने पुरता दुरुस्त होत नाही. म्हणून या लेखातील पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे, की ज्यांना जवळजवळ पैसे लागत नाहीत त्या आधी याव्यात आणि ज्यांना लागतात त्या शेवटी.

उदाहरणासाठी पुणे-सातारा पट्ट्यातील तीन गुंठ्यांचा, म्हणजे ३,२६७ चौरस फुटांचा प्लॉट आणि त्यावर सुमारे १,००० चौरस फुटांची गच्ची असलेले दुमजली घर धरले आहे. कोकणात किंवा विदर्भात जे वेगळे करावे लागेल ते त्या-त्या ठिकाणी सांगितले आहे.

प्लॉटवर घालवायचे दोन दिवस

नकाशा काढण्यापूर्वी प्लॉटवर सकाळ ते संध्याकाळ असे किमान दोन दिवस घालवावेत. त्यांतला एक उन्हाळ्यातला असल्यास उत्तम. पहिले काम उत्तर दिशा नक्की करण्याचे. मोबाइलमधले होकायंत्र लोखंडी सळ्यांच्या किंवा गाडीच्या शेजारी सहज चुकते, त्यामुळे जुनी शंकूची रीत वापरावी. सपाट जमिनीत एक सरळ काठी ओलंब्यात रोवावी, तिच्याभोवती दोरीने एक वर्तुळ आखावे, सकाळी काठीच्या सावलीचे टोक वर्तुळाला जिथे टेकते तिथे एक खूण करावी आणि दुपारनंतर ते पुन्हा जिथे टेकते तिथे दुसरी. या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. देवळे आणि वाडे याच रीतीने आखले गेले, आणि तीन गुंठ्यांच्या प्लॉटला तिची अचूकता भरपूर झाली.

त्याच दिवशी एका बांबूला कापडाची चिंधी बांधून वारा कुठून येतो ते दर दोन तासांनी लिहून ठेवावे. देशावर उन्हाळी संध्याकाळचा आणि पावसाळ्यातला वारा मुख्यतः पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो, पण शेजारची इमारत किंवा टेकडी त्याला वळवते आणि ते कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. जमिनीत एक खड्डा घेऊन काळी माती किती खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो तेही पाहून घ्यावे. फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या काळ्या मातीवर पाया कसा घ्यायचा आणि सांडपाण्याचा शोषखड्डा चालेल की नाही, हे दोन्ही प्रश्न याच खड्ड्यात सुटतात. वरची सहा इंच सुपीक माती जेसीबी लावण्याआधी खरवडून एका कोपऱ्यात झाकून ठेवावी, नाहीतर तीच माती भरावात जाते आणि वर्षभराने बागेसाठी ट्रॉलीभर माती विकत आणावी लागते.

घर कुठे तोंड करून उभे राहील

पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारचा सूर्य येथे दक्षिणेला सुमारे ४८ अंशांवर असतो, २१ मार्चला तो सुमारे साडेएकाहत्तर अंशांवर चढतो, आणि मेच्या मध्यास नेमका डोक्यावर येतो. त्या दिवशी दुपारी काठीची सावली तिच्या पायातच नाहीशी होते. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो, आणि जूनमध्ये तो मावळतो तेव्हा नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला सरकलेला असतो. उत्तरेची भिंत बारा महिने थंड असते असे आपण ऐकत आलो आहोत. मे-जूनच्या सकाळ-संध्याकाळी तिच्यावर ऊन येते, हे एकदा उभे राहून पाहावे.

या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. दक्षिणेचे ऊन वरून येते आणि साध्या छज्ज्याने अडते. पूर्व-पश्चिमेचे ऊन आडवे येते आणि छज्ज्याला जुमानत नाही. म्हणून घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला आणि अरुंद बाजू पूर्व-पश्चिमेला ठेवाव्यात, आणि पश्चिमेच्या अंगाला ज्या जागांत आपण दिवसाची मिनिटेच घालवतो त्या बसवाव्यात: जिना, संडास-बाथरूम, कोठीची खोली, भिंतीतली कपाटे. पश्चिमेचा ताप या जागा पोटात घेतात आणि आतल्या खोल्या वाचतात. जुन्या वाड्यांतली पडवी आणि ओसरी हेच काम करीत असे.

येथे वास्तुशास्त्राचा प्रश्न हटकून निघतो. घरच्या कर्त्याची झोपण्याची खोली नैर्ऋत्येला असावी असा आग्रह धरला जातो, आणि नैर्ऋत्य हा देशावरच्या घराचा संध्याकाळी सर्वांत तापलेला कोपरा असतो. आग्रह मोडून काढण्यात माझा अनुभव फारसा यशस्वी नाही. त्यापेक्षा खोली नैर्ऋत्येला मान्य करावी, तिच्या पश्चिम भिंतीला पूर्ण लांबीची कपाटे करावीत, त्या भिंतीत खिडकी देऊ नये आणि हवेसाठी दक्षिणेची खिडकी मोठी करावी. दोन्ही बाजूंचे समाधान होते.

माझ्या स्वतःच्या घरात मी हा नियम मोडला. पश्चिमेला डोंगर दिसतो म्हणून दिवाणखान्याला सहा फूट रुंद काच घेतली. मार्च ते जून त्या काचेवर जाड पडदा ओढलेला असतो आणि डोंगर पाहायचा तर गच्चीवर जावे लागते.

छज्ज्याचे गणित

छज्जा ‘दिसायला बरा’ म्हणून किती काढायचा ते ठरवू नये. दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर दीड फुटाचा छज्जा घेतला तर २१ मार्चला दुपारी त्याची सावली सुमारे साडेचार फूट खाली येते, म्हणजे खिडकी पूर्ण झाकली जाते. तोच छज्जा डिसेंबरात जेमतेम पावणेदोन फूट सावली देतो, म्हणजे खिडकीच्या खालच्या अर्ध्याहून अधिक भागातून कोवळे ऊन आत येते. उन्हाळ्यात सावली आणि थंडीत ऊन, दोन्ही एका दीड फुटी स्लॅबच्या तुकड्यात मिळतात. मात्र छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट जादा असावा, कारण सकाळचे आणि दुपारनंतरचे ऊन तिरके येऊन कडेने शिरते.

आता हेच गणित पश्चिमेला लावून पाहावे. एप्रिलच्या शेवटी संध्याकाळी पाच वाजता सूर्य जेमतेम २५-२६ अंशांवर असतो. तेवढ्या खालच्या उन्हापासून चार फुटी खिडकी वाचवायची तर छज्जा आठ फुटांचा लागेल. तो कोणी बांधत नाही. त्यामुळे पश्चिमेची खिडकी लहान करावी, तिच्या बाहेर उभ्या पट्ट्या, जाळीची भिंत किंवा वाळ्याचा पडदा द्यावा, आणि सहा-आठ फुटांवर कडुनिंब किंवा बकुळ लावावी. वड, पिंपळ, उंबर मात्र घराजवळ लावू नयेत. त्यांची मुळे जोत्यात शिरतात. काचेच्या आतून लावलेला पडदा ऊन अडवतो असे वाटते खरे, पण तोवर उष्णता काचेच्या अलीकडे येऊन गेलेली असते. सावली नेहमी काचेच्या बाहेरच हवी.

खिडकी किती उघडते

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी आणलेल्या ‘इको निवास संहिते’त उघडणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किती टक्के असावे, याचे हवामानानुसार किमान आकडे आहेत: उष्ण-कोरड्या प्रदेशात १०, संमिश्र हवामानात १२.५ आणि उष्ण-दमट प्रदेशात १६.६६ टक्के. यातला ‘उघडणारे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी कधीही अर्ध्याहून अधिक उघडत नाही, तीन ट्रॅकची दोन तृतीयांश उघडते, आणि बिजागरीची जवळजवळ पूर्ण उघडते. म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीला १२.५ टक्क्यांनी १५ चौरस फूट उघडी जागा हवी असेल, तर बिजागरीची साधारण सतरा चौरस फुटांची खिडकी पुरते, पण दोन ट्रॅकच्या स्लायडिंगला ३० चौरस फूट काच घ्यावी लागते, आणि तितकेच ऊनही पत्करावे लागते. डासांची जाळी हे स्लायडिंगच्या बाजूने नेहमी दिले जाणारे कारण आहे. बिजागरीच्या खिडकीला आतून स्वतंत्र जाळीचे दार बसते, थोडा खर्च वाढतो इतकेच.

खोलीला शक्यतो दोन वेगवेगळ्या भिंतींत उघडझाप हवी. जिथे ते जमत नाही तिथे दरवाजावर झडप ठेवावी. जिन्याच्या डोक्यावरच्या खोलीला उंचावर लुव्हर, म्हणजे तिरप्या पट्ट्यांचे झरोके दिले, की घरभरची गरम हवा जिन्यातून वर चढून बाहेर पडते आणि खालच्या खिडक्यांतून थंड हवा ओढली जाते. एप्रिलमध्ये रात्री दहानंतर याचा गारवा हाताला कळतो.

भिंत

देशावर मार्च-एप्रिलमध्ये दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठा फरक असतो, त्यामुळे दिवसाची उष्णता हळूहळू पिणारी जड भिंत रात्री मोकळ्या खिडक्यांच्या साहाय्याने निवते. कोकणात रात्रही दमट आणि उबदार असल्याने हा डाव तितका साधत नाही. तिथे उतरते कौलारू छप्पर, खोल पडवी आणि आरपार वारा यांवर भर द्यावा, आणि भिंतीला स्थानिक जांभा दगड घ्यावा, जो खाणीतून मऊ निघतो आणि हवा लागल्यावर कडक होतो. विदर्भात मात्र उष्णता बाहेरच अडवणारी भिंत सर्वांत महत्त्वाची.

भिंतीसाठी पर्याय तीन आहेत. पहिला फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाच्या राखेच्या विटांचा. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, भुसावळ येथील औष्णिक केंद्रांच्या राखेमुळे या विटा राज्यात मुबलक आहेत, आणि त्यांना भट्टी लागत नाही. दर्जा मात्र कारखान्यागणिक बदलतो. ट्रक उतरवून घेण्याआधी पाच विटा घरी आणाव्यात, कोरड्या वजन कराव्यात, चोवीस तास पाण्यात बुडवून पुसून पुन्हा वजन करावे. वजन २० टक्क्यांहून अधिक वाढले तर माल परत पाठवावा. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज यायला हवा.

दुसरा पर्याय एएसी ब्लॉकचा, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा. त्यातून उष्णता फार हळू जाते आणि वजन विटेच्या सुमारे एक तृतीयांश असल्याने सळईही थोडी वाचते. पण नेहमीच्या सिमेंट-वाळूच्या जाड सांध्यांत ते बांधले आणि कॉलमच्या जोडावर जाळी मारली नाही, तर पहिल्याच वर्षी गिलाव्यावर भेगांचा नकाशा उमटतो.

तिसरा पर्याय वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेल्या रॅट-ट्रॅप बाँडचा. त्यात विटा उभ्या कडेवर लावून नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी सोडतात. विटा सुमारे एक चतुर्थांश वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. अडचण मिस्त्रीची आहे. आपल्याकडचे बहुतेक गवंडी ही रचना पहिल्यांदा पाहत असतात आणि दोनच थरांत पोकळी मसाल्याने भरून टाकतात. म्हणून आधी आवारात तीन फूट बाय तीन फुटांची नमुना भिंत बांधून घ्यावी, ती पसंत पडली तरच पुढे जावे. आणि विजेचे पाइप कुठून जाणार ते आधीच ठरवावे, कारण अशी भिंत नंतर छिन्नीने फोडता येत नाही.

छत

दुमजली घरात सर्वांत जास्त ऊन गच्ची खाते. मे महिन्यात रात्री दहा वाजता वरच्या मजल्यावर स्टुलावर उभे राहून छताच्या खालच्या अंगाला तळहात लावून पाहावा: नुसत्या पाच इंची स्लॅबचा चटका त्या वेळीही जाणवतो, आणि पंखा तीच उष्णता अंगावर ढकलत असतो. वरच्या खोलीला एसी लावण्याआधी या स्लॅबवर खर्च करावा.

सर्वांत स्वस्त उपाय पांढऱ्या रंगाचा. ब्रिकबॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांच्या थरावर) पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, म्हणजे चायना मोझेक, बसवली की जलरोधन आणि ऊन परतवणे ही दोन्ही कामे एकदम होतात. जुनी गच्ची असेल तर दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचे दोन हातही चालतात. पावसाळ्यात ते धुऊन जातात आणि गच्चीवर धूळ साचली की परिणाम घटतो, एवढे मान्य करावे. याहून पुढे जायचे तर कोब्याखाली दोन इंची एक्सपीएस (दाबून केलेल्या कडक थर्माकोलसारख्या) फोमचे तक्ते घालावेत. उष्णतारोधक थर स्लॅबच्या वर हवा. आतून केलेली फॉल्स सीलिंग स्लॅब तापल्यानंतर काम करू पाहते.

नव्या घरात फिलर स्लॅबचाही विचार करावा. स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट ताण घेत नाही, तो भार सळई पेलते; म्हणून तेथे सळयांच्या चौकटींत मंगलोरी कौलांच्या जोड्या ठेवून वर काँक्रीट ओततात. सिमेंट वाचते, कौलांमधली हवा उष्णता अडवते आणि खालून कौलांची नक्षी दिसते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने सळईचा आराखडा त्यानुसार काढलेला असलाच पाहिजे. मिस्त्रीच्या अंदाजावर हे काम सोपवू नये.

पाणी

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढे सूत्र लक्षात ठेवले तर पुढचे सारे तोंडी करता येते. आपली १,००० चौरस फुटांची गच्ची सुमारे ९३ चौरस मीटर होते. पुण्याकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा भाग वाया गेला असे मानले, तरी सुमारे ५२,००० लिटर पाणी हाती येते. एवढे साठवण्याची गरज नाही. जमिनीखाली १०,००० लिटरची टाकी केली तर ती सुमारे १३५ मिलिमीटर पावसात भरते, पावसाळाभर वापरली तरी पुन्हा भरत राहते, आणि ऑक्टोबरात भरलेली टाकी चार माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाच्या रोजच्या ४० लिटरांना २५० दिवस, म्हणजे पुढच्या मृगापर्यंत पुरते. पिण्याआधी ते पाणी गाळून उकळावे किंवा शुद्धीकरण यंत्रातून घ्यावे. उरलेले पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरच्या पुनर्भरणाला सोडावे. गाळणीशिवाय थेट बोअरमध्ये कधीही सोडू नये, कारण गच्चीवरची माती आणि पक्ष्यांची घाण भूजलात जाते आणि ती काढण्याचा मार्ग नसतो.

सांडपाण्याचे पाइप पहिल्या दिवसापासून दोन वेगळे टाकावेत. संडासाचे पाणी सेप्टिक टँकमध्ये, आणि अंघोळ-कपड्यांचे पाणी कर्दळ, केळ, अळू लावलेल्या खडीच्या वाफ्यातून परसबागेकडे. स्वयंपाकघराच्या पाइपवर तेल अडवणारा छोटा चेंबर घ्यावा. सेप्टिक टँकचा शोषखड्डा बोअरपासून किमान ५० फूट दूर असावा; जमीन काळी असेल तर तो पाणी शोषणार नाही, म्हणून फूटभर खड्डा भरून पाणी किती वेळात जिरते ते आधी पाहावे.

वीज

यावर फार लिहिण्याचे कारण नाही, कारण येथवरची कामे नीट झाली असतील तर विजेची गरज आधीच उतरलेली असते. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. आठ पंखे दिवसाला बारा तास चालले तर रोज चार युनिटहून अधिक बचत होते. आधी पंखे बदलावेत, मग पॅनेलची क्षमता ठरवावी. तीन किलोवॅटच्या संचाला सुमारे ३०० चौरस फूट सावलीरहित जागा लागते आणि तो रोज सरासरी १२ युनिट वीज देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅट व त्यापुढच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान ठेवले गेले. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली गच्चीच्या उत्तरेला घ्यावी, म्हणजे त्यांची सावली पॅनेलवर पडत नाही. ही गोष्टही नकाशातच ठरते.

कंत्राट आणि साइट

कागदावरचे सारे चांगले बेत साइटवर तिसऱ्या आठवड्यात पातळ होऊ लागतात, म्हणून करारपत्रात पुढील गोष्टी शब्दांत लिहून घ्याव्यात: सिमेंट पीपीसी (राखमिश्रित) किंवा स्लॅगचे (लोखंडाच्या भट्टीतील मळी मिसळलेले) असेल, अशा सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी मारले जाईल, स्लॅबवर आळी करून पाणी साठवले जाईल आणि कॉलमना गोणपाट गुंडाळले जाईल, नदीच्या वाळूऐवजी धुतलेली क्रश सँड वापरली जाईल, तुटलेल्या विटा कोब्यात जिरवल्या जातील. राखमिश्रित सिमेंट सावकाश ताकद धरते, त्यामुळे सेंट्रिंग लवकर काढण्याची घाई येथे महागात पडते. दारांच्या चौकटींसाठी पाडलेल्या वाड्यांचे सागवान जुन्या बाजारात मिळते. ते मुरलेले असते, वाकत नाही, आणि नव्या झाडाला हात लागत नाही.

‘ग्रीन’ घराच्या प्रमाणपत्राबद्दल अनेक जण विचारतात. ‘टेरी’ या ऊर्जा-पर्यावरण संशोधन संस्थेने केंद्र सरकारच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयासह उभी केलेली ‘गृहा’ आणि २००१ साली स्थापन झालेल्या आयजीबीसीची (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची), अशा दोन पद्धती आपल्याकडे रूढ आहेत. २,५०० चौरस मीटरपेक्षा लहान इमारतींसाठी ‘स्वगृहा’ हा गृहाचा सुटसुटीत प्रकार आहे. एकट्या बंगल्याला फलक लावण्यासाठी शुल्क भरण्याची गरज मला वाटत नाही, पण त्यांच्या निकषांची यादी वास्तुविशारदाबरोबरच्या बैठकीत टेबलावर ठेवण्याजोगी आहे.

राहायला गेल्यावर पहिले वर्ष

दोन साधे तापमापक घ्यावेत, एक सावलीत बाहेर आणि एक वरच्या मजल्यावरच्या खोलीत टांगावा, आणि एप्रिलचे पहिले पंधरा दिवस दुपारी दोन व रात्री दहाचे आकडे वहीत लिहावेत. दिवसा बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेपर्यंत खिडक्या-पडदे बंद ठेवावेत आणि सूर्य मावळल्यावर उघडावेत. ही सवय घरात सर्वांना लागायला आठवडा जातो. रात्री दहाला आतला आकडा बाहेरच्यापेक्षा पाच अंशांनी वर राहत असेल तर गच्ची पुन्हा तपासावी. मेच्या शेवटच्या आठवड्यात गच्ची झाडून घ्यावी, पन्हळीतला पाला काढावा, गाळणीची वाळू धुवावी आणि पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपचे झाकण एकदा उघडून-मिटून पाहावे; वर्षभर न हलवलेले ते झाकण नेमके पहिल्या सरीला अडकते.